बालवाचकाची साक्ष

साहित्याच्या दरबारात ज्याच्या नावाने सारा कारभार चालतो आणि ज्याची सही मात्र एकाही कागदावर घेतली जात नाही, असा वाचक एकच आहे, आणि तो म्हणजे मूल. त्याच्यासाठी पुस्तक लिहिणारा प्रौढ, ते छापणारा प्रौढ, त्याची शिफारस करणारे शिक्षक प्रौढ, पदरचे पैसे मोजून ते घरी आणणारे आईबाप प्रौढ, त्यावर अभिप्राय लिहिणारे समीक्षक प्रौढ, आणि त्यास पारितोषिक देणाऱ्या समितीचे सभासद तर बहुधा सेवानिवृत्त प्रौढ. एवढ्या सगळ्या मुखत्यारांनी आपापसांत व्यवहार पुरा केल्यावर जे उरते ते वाचणे, एवढेच काय ते मुलाच्या वाट्यास येते. ऐतिहासिक साहसकथेच्या बाबतीत तर ही मुखत्यारी अधिकच कडक होते. कारण इतिहास म्हटला की संस्कार आले, अस्मिता आली, पूर्वजांचा गौरव आला, आणि या तिन्हींच्या संरक्षणाचा मक्ता आपणाकडेच आहे अशी वडीलधाऱ्यांची पक्की समजूत असते. या समजुतीची एकदा रुजवात करून पाहावी, आणि मुलांचे मत केवळ कौतुकाने ऐकून न घेता साक्ष म्हणून दफ्तरी दाखल करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा अर्ज आहे.

या अर्जास निमित्त झाले ते चेन्नईतील एका लहानशा वाचनमंडळाचे. नोकरीनिमित्त या शहरी येऊन राहिलेली काही मराठी कुटुंबे आणि पिढ्यान् पिढ्या येथेच नांदलेली एकदोन तंजावरी घराणी यांची नऊ ते तेरा वर्षांची मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत संध्याकाळी एकत्र जमत, आणि त्यांतील एका मुलीने पसंत केलेले पुस्तक प्रकरणाप्रकरणाने मोठ्याने वाचले जाई. पुस्तक होते हेन्री ट्रीस या इंग्रज कवीचे आणि शाळामास्तराचे, १९५५ साली प्रसिद्ध झालेले 'व्हायकिंग्ज डॉन'. आठव्या शतकाच्या उत्तरार्धातील नॉर्वेत राहणारा हॅराल्ड नावाचा मुलगा थॉर्केल या नायकाच्या हाताखाली एका लांबट जहाजावर चढतो, त्या जहाजाचे नावच मुळी 'निनावी' असे असते, आणि लूट, वादळ, दगा व कैद यांतून जात जात ही सफर अशा ठिकाणी येऊन संपते की निघालेल्या मंडळींपैकी घरी परतणारा बहुतेक तो एकटाच उरतो. कथा इंग्रजीत वाचली जाई, वाद मात्र मराठीत होई, मधूनच कोणी रागाच्या भरात तमिळवर घसरे, आणि प्रस्तुत लेखकाचे काम कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून कान उघडे ठेवणे एवढेच होते.

पहिल्याच संध्याकाळी जो प्रश्न निघाला तो शौर्याचाही नव्हता आणि धर्माचाही नव्हता. नऊ वर्षांच्या एका मुलाने विचारले, "काका, ही माणसं पाणी कुठलं पितात? समुद्राचं तर पिता येत नाही." त्यावर दुसरा म्हणाला, "आणि झोपतात कुठे? खाली खोली आहे का?" मग तिसऱ्याने शंका काढली, की पाऊस आला तर जहाजात साचलेले पाणी कोण उपसतो, आणि जो उपसतो त्याला लुटीतला वाटा वल्हे मारणाऱ्याइतकाच मिळतो की कमी. या प्रश्नांची उत्तरे कादंबरीत काही सापडली, काही सापडली नाहीत. परंतु ज्यांची उत्तरे सापडली तेवढीच पाने मुलांनी पुन्हा वाचून घेतली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नॉर्वेत १८८० साली गोकस्टाड येथील टेकाड उकरून जे जहाज काढण्यात आले, ते सुमारे २३ मीटर लांबीचे असून त्यास प्रत्येक बाजूस १६ वल्ह्यांची छिद्रे आहेत, पण वल्हेकऱ्यांना बसण्यासाठी बाके मात्र सापडली नाहीत, आणि म्हणून प्रत्येक खलाशी आपल्या सामानाच्या पेटीवरच बसत असावा असा विद्वानांचा तर्क आहे, हे सांगितल्यावर त्या मुलांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले, ते आधीच्या कोणत्याही लढाईच्या वर्णनाने दिसले नव्हते. "म्हणजे स्वतःच्या सामानावर बसायचं, म्हणजे चोरी पण होणार नाही," हा त्यावरचा एका मुलीचा शेरा कोणत्याही पुरातत्त्ववेत्त्याने मान डोलवावी असा होता.

आणि चेन्नईच्या मुलांना हे प्रश्न सुचावेत यात नवलही नाही. या शहरास बंदर मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस; तोवर दोन शतकांहून अधिक काळ विलायतेहून येणारी जहाजे किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून उभी राहत, आणि माणसे, गाठोडी, टपाल व प्रसंगी गव्हर्नरसाहेब हे सर्व मसुला नावाच्या नावांतून फुटत्या लाटा ओलांडून वाळूवर येत. या मसुल्यांच्या फळ्यांना खिळा नसे. नारळाच्या काथ्याने त्या एकमेकींस शिवलेल्या असत, आणि त्यामुळे लाटेचा तडाखा बसला म्हणजे नाव मोडण्याऐवजी लवत असे. उत्तरेकडील दर्यावर्दींनी फळीवर फळी चढवून ती लोखंडी खिळ्यांनी जोडली, दक्षिणेकडील दर्यावर्दींनी फळीस फळी भिडवून ती काथ्याने शिवली. आणि दोघांचाही हेतू एकच होता, की नावेने समुद्राशी भांडू नये, त्याच्या कलाने घ्यावे. ही तुलना ऐकून घेतल्यावर एका मुलाने कागदावर दोन्ही प्रकारचे सांधे काढून दाखवले, आणि कोणता अधिक टिकेल यावर अर्धा तास कडाक्याचा वाद झाला. इतिहासाची गोडी म्हणतात ती हीच. मुलाला भूतकाळाचा कारभार समजून घ्यावयाचा असतो. आणि आमचे कादंबरीकार, थोडे अपवाद सोडल्यास, त्याला भूतकाळाचा पोशाख तेवढा दाखवतात. जरीपटका, शिरपेच, समशेर, मशाली यांची वर्णने पानोपानी आढळतात. पण गडावर पाणी कोण भरीत होते, रात्रीच्या पहाऱ्याची वाटणी कशी होत होती, शिबंदीस पगार रोख मिळे की धान्यात, याचा पत्ता लागत नाही.

दुसरी साक्ष न्यायासंबंधीची होती, आणि ती अधिक गंभीर आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळील लिंडिसफार्न या बेटावरच्या मठावर ७९३ साली जो हल्ला झाला, तेथून व्हायकिंगांच्या धाडींचे युग सुरू झाले असे मानण्याची वहिवाट आहे. नि:शस्त्र भिक्षू मारले गेले, सोन्यारुप्याची पात्रे लुटली गेली, आणि काहींना गुलाम म्हणून नेण्यात आले. ही हकीकत कळल्यावर वाचनमंडळात क्षणभर शांतता पसरली, आणि मग अकरा वर्षांची एक मुलगी म्हणाली, "मला हॅराल्ड आवडतो. पण ज्यांचं घर जाळलं, त्यांची गोष्ट कुठल्या पुस्तकात आहे?" वडीलधाऱ्यांपैकी एका गृहस्थांनी तिची समजूत घालण्यासाठी त्या काळच्या चालीरीतींचा दाखला दिला, तेव्हा तिने तो दाखला नाकारलाही नाही आणि स्वीकारलाही नाही. "तेव्हा तसं असेल. पण त्या लोकांना तेव्हापण वाईटच वाटलं असेल ना," एवढेच ती बोलली. नायक आवडणे आणि त्याचे कृत्य न पटणे या दोन गोष्टी त्या मुलीच्या मनात एकाच वेळी सुखाने राहत होत्या. त्यांत तिला काही विसंगती वाटली नाही. ही विसंगती आपणा प्रौढांनाच सोसवत नाही, आणि म्हणून आपण मुलांच्या हाती देताना प्रत्येक वीर धुऊन पुसून देतो, आणि प्रत्येक शत्रू काळ्या रंगात बुडवून देतो.

मराठी वाचकाला तर या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी नॉर्वेपर्यंत जाण्याचे मुळीच कारण नाही. कान्होजी आंग्रे हे आमच्या लेखी सरखेल, कोकण किनाऱ्याचे रक्षक. मुंबईच्या इंग्रज दफ्तरांत मात्र त्यांची नोंद चाचा म्हणून झालेली आहे. वादाचे मूळ पाहिले तर ते दस्तकात होते. आपल्या किनाऱ्यावरून माल नेणाऱ्या गलबताने आपले दस्तक घ्यावे, त्याचा रीतसर आकार भरावा, आणि न घेतल्यास गलबत अडकवले जाईल, ही कान्होजींची भूमिका. आपल्या निशाणाखाली चालणाऱ्या गलबतांना, मग त्यातला माल कोणाचाही असो, अशा दस्तकाची गरज नाही, ही कंपनीची भूमिका. या तंट्यातून १७१८ साली खांदेरीवर इंग्रजांची स्वारी झाली ती फसली, १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली तीही फसली, आणि १७२९ साली कान्होजी वारले तेव्हा ते अजिंक्यच होते. आता ही हकीकत मुलांपुढे मांडताना केवळ जयघोष करून भागणार नाही, आणि त्याची गरजही नाही. कारण जकात आणि लूट यांची सीमारेषा कोण आखतो, हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला उत्तम समजतो. खेळात नियम कोण ठरवणार यावरून त्याची रोज भांडणे होत असतात.

याच वंशातील पुढचा प्रसंग तर अधिकच अवघड आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले, आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून खाक झाले. परंतु त्या मोहिमेत इंग्रजांच्या जोडीस जमिनीवरून पेशव्यांची फौज उभी होती, ही गोष्ट शालेय पुस्तकांत एक तर गाळली जाते किंवा एका ओळीत उरकली जाते. वाचनमंडळात ती सांगितली गेली, तेव्हा प्रश्न एकदम आला, "आपल्याच लोकांनी? का?" या 'का'चे उत्तर देण्यासाठी पुणे आणि कुलाबा यांच्या संबंधांचा, तुळाजींच्या बेपर्वाईचा, नानासाहेब पेशव्यांच्या हिशेबाचा आणि आरमार गमावल्यावर जे गेले त्याचा असा सगळाच पट उलगडावा लागतो, आणि तो उलगडणारी कादंबरी मुलांसाठी लिहिली गेली तर ती कोणत्याही व्हायकिंगकथेस हार जाणार नाही. तीच गोष्ट अठराव्या शतकाच्या पाचव्या दशकातील बंगालवरच्या स्वाऱ्यांची. नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार तेथे ज्या नावाने ओळखले गेले, त्या बर्गींची भीती बंगाली अंगाईगीतांत उतरून आजवर टिकून आहे, हे कळल्यावर त्या अकरा वर्षांच्या मुलीने नुसतीच मान हलवली. तिला आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. अशा ज्ञानाने मुलांचा स्वाभिमान खचतो असे म्हणणाऱ्यांनी मुले पाहिलेली नाहीत. स्वतःच्या पूर्वजांचे एखादे चुकीचे कृत्य ऐकून मूल लाजत नाही. त्यापासून आपण ते लपवले होते हे कळले, म्हणजे मात्र त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो.

तिसरी साक्ष एका मुलीची, आणि ती तक्रारीच्या स्वरूपाची आहे. "या जहाजात एकपण मुलगी का नाही?" असे तिने दुसऱ्याच दिवशी विचारले होते, आणि मुलग्यांनी, तेव्हा मुली जहाजावर जात नसत, असा एकमुखी निकाल देऊन टाकला होता. हा निकाल पुराव्यास टिकणारा नाही. नॉर्वेतच १९०४ साली ओसेबर्ग येथे जे सर्वांत देखणे जहाज मातीखालून निघाले, आणि ज्याच्यासह ८३४ साली दफनविधी झाला असे लाकडाच्या वलयांवरून ठरले आहे, त्यात मृतदेह होते ते दोन स्त्रियांचे. आणि आइसलँडच्या जुन्या आख्यानांत गुद्रीद नावाची स्त्री अटलांटिक ओलांडून पश्चिमेकडील नव्या भूमीवर जाऊन आल्याची कथा आहे. पण तक्रारकर्तीला नॉर्वेचा पुरावा लागलाच नाही. तिच्या मैत्रिणीने, जिच्या घरी चार पिढ्यांपासून तमिळ मासिके येत आली आहेत, तिला पूंगुळलीची गोष्ट सांगितली. कल्कि कृष्णमूर्तींच्या 'पोन्नियिन सेल्वन' या कादंबरीत कोडिक्करैच्या किनाऱ्यावरील ही नावाडीकन्या एकटीने वल्ही मारीत लंकेचा मार्ग धरते, आणि कथानायकाला सुद्धा समुद्रावर तिच्याच भरवशावर राहावे लागते. १९५० पासून १९५४ पर्यंत याच शहरातून 'कल्कि' साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झालेली ही कादंबरी घरातील आजी, आई आणि नात यांनी सारख्याच ओढीने वाचली, याचे एक कारण पूंगुळलीसारखी पात्रे हेही असले पाहिजे. मुलींच्या तक्रारीचा निकाल तमिळ साहित्याने सत्तर वर्षांपूर्वीच देऊन टाकला आहे.

याच ओघात एका मुलाने जे विचारले त्यामुळे प्रस्तुत लेखकास स्वतःच्याच पाठांतराची फेरतपासणी करावी लागली. "हे सगळं चाललं होतं तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं?" असा तो साधा प्रश्न होता. आपण इतिहास देशवार शिकतो, म्हणून शेजारशेजारची शतके सुद्धा आपणास परकी वाटतात. वस्तुतः इंग्लंडच्या सिंहासनावर क्नूट हा डेन्मार्कचा राजा १०१६ पासून १०३५ पर्यंत बसलेला होता, आणि नेमक्या त्याच काळात, १०२५ साली, राजेंद्र चोळाचे आरमार बंगालचा उपसागर ओलांडून श्रीविजयाच्या बंदरांवर जाऊन आदळले होते. उत्तर समुद्रावरची लांब जहाजे आणि पूर्व समुद्रावरची चोळ जहाजे ही एकाच पिढीची अपत्ये होत. इतकेच नव्हे, तर स्वीडनमधील हेल्गो या बेटावर १९५६ साली उत्खननात जी पितळी रंगाची चिमुकली बुद्धमूर्ती सापडली, ती भारतीय उपखंडाच्या वायव्येकडील स्वात परिसरात घडवली गेली असावी असे मानतात. आणि आपल्या चेन्नईच्या एग्मोर येथील सरकारी संग्रहालयात नागपट्टणमच्या मातीतून निघालेल्या बुद्धमूर्ती ठेवलेल्या आहेत, ज्या नागपट्टणमला श्रीविजयाच्या राजाने चोळांच्या परवानगीने विहार उभारला होता. मुलांनी पुढच्या रविवारी संग्रहालयात जाण्याची तजवीज स्वतःच केली. भूतकाळ दूरचा असतो म्हणून मुले कंटाळतात हा आपला ग्रह चुकीचा आहे. तो त्यांच्या पायाखालच्या जमिनीशी कोणी जोडून दाखवत नाही, म्हणून ती कंटाळतात.

येथे मराठी वाचकापुढे एक थोडी लाजिरवाणी हकीकत ठेवली पाहिजे. तमिळ कादंबरीकार सांडिल्यन यांनी चोळकालीन समुद्रावर 'कडल पुरा' लिहिली, हे त्यांच्या परंपरेस साजेसेच झाले. परंतु याच लेखकाने 'जलदीपम्' या नावाची आणखी एक तीन भागांची कादंबरी लिहिली, आणि तिच्यात तंजावरहून निघालेला एक तमिळ तरुण कोकण किनारी येऊन कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात शिरतो. म्हणजे आंग्र्यांच्या गुराबा, गलबते, वारा, भरती आणि तोफा यांच्या कथेत तमिळ वाचकांच्या पिढ्या रमून गेल्या. हरिनारायण आपट्यांनी १८९० साली काढलेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून 'उषःकाल' आठवड्या-आठवड्याने घरोघर पोचत होती, नाथमाधवांची पुस्तके दिव्याखाली फाटेपर्यंत वाचली जात होती, भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या सफरी मराठी मुलांच्या हाती आणून दिल्या. ही पुण्याई थोडी नव्हे. तरीही आमची ऐतिहासिक कादंबरी मुख्यतः घाटमाथ्यावर नांदली, आणि लांबलचक सागरकिनारा लाभलेल्या प्रांताच्या बालसाहित्यात समुद्र मात्र पाहुण्यासारखा येऊन गेला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार दर्यातले अथवा दर्याकाठचे आहेत, आणि एकमेव परप्रांतीय किल्ला जिंजी हा या चेन्नईपासून काही तासांच्या वाटेवर आहे. राजाराम महाराजांनी १६८९ साली वेष पालटून रायगडच्या मुलुखातून जिंजीपर्यंत केलेला प्रवास ही तर आयतीच साहसकथा आहे. विषयांचा तुटवडा नाही. वाचकांना काय हवे हे विचारण्याची आमची तयारी नाही, एवढेच.

चौथी साक्ष मृत्यूसंबंधीची. कादंबरीच्या शेवटी जहाजावरची बहुतेक सगळी माणसे कामी आली, तेव्हा दोन मुलांनी रागाने पुस्तक मिटले आणि एकाचे डोळे भरून आले. तेथे बसलेल्या एका मातोश्रींनी, मुलांना असला शेवट देऊच नये, असे मत लगेच मांडले. पण शेवट बदलायचा झाला तर कोणाकोणाला वाचवाल, असे मुलांना विचारल्यावर जी चर्चा झाली, तिने त्या मातोश्रींनाही विचारात पाडले. एकाने थॉर्केलला वाचवले, दुसऱ्याने आणखी दोघांना वाचवले, आणि मग ज्याचे डोळे भरून आले होते तोच म्हणाला, "नको, असंच राहू दे. सगळे वाचले तर ते खोटं वाटेल." दुःख झाले म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही, एवढा रसविचार त्याला कोणी शिकवला नव्हता. मुलांना खोटेपणाचा तिटकारा असतो. दुःख त्यांना पेलते.

आता या साऱ्यावर येणारा आक्षेप उघड आहे, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मुलांची रुची कच्ची असते, आज जे आवडते ते उद्या टाकून दिले जाते, त्यांच्या पसंतीवर ग्रंथव्यवहार सोडला तर भुतेखेते आणि पाणचट विनोद यांचाच सुकाळ होईल, आणि कष्टाने वाचावी लागणारी, पण पुढे आयुष्यभर पुरणारी पुस्तके कोणी छापणारच नाही, असे या आक्षेपाचे स्वरूप आहे. यातील पहिली गोष्ट खरी आहे. पण ती प्रौढांच्या रुचीसही तितकीच लागू आहे, आणि पाणचट विनोदाचा सुकाळ मुलांना न विचारताही झालेलाच आहे. शिवाय, मुलांनीच फैसला करावा असे येथे कोणी म्हणत नाही. न्यायासनावर बसणारा वेगळा आणि साक्ष देणारा वेगळा. परंतु ज्या खटल्यात मुख्य साक्षीदारालाच पाचारण केले जात नाही, त्याचा निकाल कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी तो एकतर्फीच म्हटला पाहिजे. आणि मुलांची साक्ष किती बारीक असते हे वर दिसलेच आहे. पाण्याचे पिंप, लुटीतला वाटा, जळलेल्या घराची बाजू, नावेवरची मुलगी, आणि खरा वाटणारा शेवट, यांतील एकही मुद्दा प्रस्तुत लेखकाने परीक्षण लिहिले असते तर त्याच्या लेखणीतून उतरला असता असे वाटत नाही.

मुलांना असा अधिकार देण्याची कल्पना नवीही नाही. ब्रिटनमध्ये बालपुस्तकांच्या वाचकमंडळांच्या महासंघाने १९८० पासून एक पारितोषिक सुरू केले, आणि त्याची निवड आरंभापासून अखेरपर्यंत मुलेच करतात. आपल्याकडे साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो ही आनंदाची गोष्ट आहे. त्याच्या निवडीत बालवाचकांच्या लेखी अभिप्रायांना स्थान मिळाले तर त्या पुरस्काराचे वजन कमी न होता वाढेल. आणि या बाबतीत चेन्नईकडून घेण्यासारखा एक धडा फार जुना आहे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम प्रसिद्ध केले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असे दोन नियम लागोपाठ आहेत. या दोन्ही नियमांत वाचकाच्या वयाची अट घातलेली नाही. वाचक नऊ वर्षांचा आहे म्हणून त्याचे पुस्तक कोणते हे दुसऱ्याने परस्पर ठरवावे, अशी मुभा रंगनाथनांनी कोणालाही दिलेली नाही.

तेव्हा मागणी अशी आहे. मराठी वृत्तपत्रांनी रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा तरी मुलांनी लिहिलेली पुस्तकपरीक्षणे छापावीत, आणि ती छापताना त्यांचे शुद्धलेखन तेवढे तपासावे, मत तपासू नये. बडोदे, इंदूर, बेळगाव किंवा तंजावर येथील मुलाच्या मराठीस त्याच्या गावचा वास असेल तर तो जाऊ देऊ नये. प्रकाशकांनी ऐतिहासिक बालकादंबरीचे हस्तलिखित इतिहासाच्या जाणकाराकडे जसे पाठवावे, तसेच दहाबारा मुलांकडेही पाठवावे, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची यादी लेखकापुढे ठेवावी. आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांनी, गणेशोत्सवात मुलांकडून पाठांतरे म्हणून घेण्याचा जो परिपाठ आहे तो खुशाल चालू ठेवावा, पण वर्षातून एखादे तरी सत्र असे ठेवावे की जेथे मुले बोलतील आणि वडीलधारी मंडळी टिपून घेतील.

छापील मराठी बालवाङ्मयाच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी एक, इसापच्या कथांचे 'बालबोधमुक्तावली' हे भाषांतर, १८०६ साली सरफोजी राजांच्या छापखान्यात, या तमिळ मुलुखातच, तंजावरास निघाले. तेव्हापासून दोनशेहून अधिक वर्षे आपण मराठी मुलांना गोष्टी सांगत आलो, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्यही आपणच सांगत आलो. यापुढे गोष्ट आपण सांगावी आणि तात्पर्य त्यांना विचारावे. ते आपल्या अपेक्षेहून निराळे निघेल, कित्येकदा अडचणीचेही निघेल, आणि त्यातूनच पुढची गोष्ट अधिक चांगली कशी लिहावी हे आपणास कळेल. कारण ज्या वाचकाला लहानपणी मत विचारले जात नाही, तो मोठेपणी एक तर वाचणे सोडतो, नाही तर दुसऱ्याचे मत आपले म्हणून मिरवू लागतो, आणि या दोन्ही जातींचे वाचक मराठीत आजच पुरेसे आहेत.